त्र्याहत्तर किलो

प्रिय ओर्लिनाताई,

तुझा उजवा हात माझ्या कपाळाला लावला असं समज आणि तिथूनच आशीर्वाद दे. गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? मनिलाच्या धुरात थांबणार कसा म्हणा. मी बरी आहे. जेवते, झोपते, नगरपालिकेत जाऊन जन्ममृत्यूची नोंदवही लिहिते. (एल्पिदिओची नोंद मलाच करावी लागली हे तुला कळवलं नव्हतं. ‘खबर देणाऱ्याचं मृताशी नातं’ या रकान्यापाशी पेन बराच वेळ अडलं. मग ‘पत्नी’ लिहिलं आणि खाली शिक्काही मीच मारला.)

नऊ मेला त्याला वर्ष होईल. चर्चमध्ये मिस्सा होईल, जेवण होईल आणि माझे काळे कपडे उतरतील. आपल्या घरात ते थोरल्या बहिणीच्या हातून उतरतात, आईचे मावशीनेच उतरवले होते. पण या बेटावर पुन्हा पाय ठेवणार नाही अशी तू शपथ घेतली आहेस, तेव्हा मी तुला ये म्हणत नाही. पत्राला कारण वेगळं आहे. कारण लसूण.

गुरुवारी तुझ्यासाठी लसणाचं खोकं घेऊन विमानतळावर गेले. आता तिथे नवी इमारत झाली आहे. काचेची दारं माणूस आला की आपोआप उघडतात. (वारा आला तरी उघडतात, म्हणून दोरीने बांधून ठेवली आहेत.) नेहमीप्रमाणे रांगेत उभं राहून मनिलाला निघालेल्यांपैकी कुणाच्या हाती खोकं द्यावं ते बघत होते. काउंटरवर रोवेना नावाची नवी मुलगी आहे, गोड आहे. ती म्हणाली, “काकी, दुसऱ्याचं सामान कुणी न्यायचं नाही, नियम आहे.” मी बरं म्हणून परत फिरले. मला तू ओळखतेस. पण मागे शाळेतल्या बिबियानाबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं पोरी, लसूण काय सामान असतं?” आणि खोकं उघडून चार जुड्या स्वतःच्या पिशवीत घातल्या. ते पाहून मागची बाई म्हणाली, “मग मी काय परकी?” असं करत सात जणांनी खोकं रिकामं केलं. तेव्हा या महिन्यात सात माणसं तुझ्या दारी लसूण घेऊन येतील. प्रत्येकाला जेवू घालावं लागेल. बिबियानाबाई मुक्काम करतील असं दिसतं.

खरी गंमत वजनाची झाली. आपलं विमान चिमुकलं, म्हणून अजूनही सामानाबरोबर माणसंही तोलतात, पण नव्या काट्याचा आकडा फक्त रोवेनाला दिसतो. म्हातारे सिक्स्तो काट्यावरून उतरले आणि म्हणाले, “किती?”

“ते खाजगी असतं, आजोबा.”

“खाजगी? एल्पिदिओ असता तर चर्चपर्यंत ऐकू गेलं असतं!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी रिकाम्या खोक्याकडे. मग सिक्स्तोंनीच स्वतःचं वजन ओरडून सांगितलं, “अठ्ठावन्न!” मागून कुणीतरी म्हणालं, “हट्! अठ्ठावन्न तर तुमच्या तोंडाची वाफच भरेल.” झालं, एकेक जण काट्यावर चढून आपापला आकडा ओरडायला लागला, सगळे खोटे. रोवेना बिचारी कानात बोटं घालून बसली. मी हसले, ताई. वर्षभरात पहिल्यांदा. मग मला बाहेर जावं लागलं.

बाहेर कुंपण अजून तेच आहे, जिथे आपण दोघी शाळा बुडवून विमान बघायला उभ्या राहायचो. कुणी येणार नसलं तरी सारं गाव यायचं. विमानाचा आवाज डोंगराआडून आला की धावपट्टीवरची गुरं हाकलायला एक हडकुळा पोरगा लाल फडकं घेऊन धावायचा. “त्या गुराख्याकडे काय बघतेस?” असं तू मला चिमटा काढून विचारलं होतंस. त्या गुराख्याचा पुढे वजनकाट्यावरचा माणूस झाला आणि चर्चमधल्या नवरानवरीकडे बघूनसुद्धा “एकशे बारा, सामान सोडून” असं माझ्या कानात पुटपुटायला लागला.

अकरा वर्षांपूर्वीचं तुला सांगायला नको. आई जाऊन दोन आठवडे झाले होते, तू मनिलाला परत निघाली होतीस. वारा फिरला, वैमानिक म्हणाला एक माणूस कमी करा. अशा वेळी सर्वांत जड माणूस उतरतो, हा आपल्याकडचा जुना रिवाज. एल्पिदिओने पाद्रींच्या देखत पुकारलं, “ओर्लिना, त्र्याहत्तर किलो, उतर!” तू म्हणालीस, “सख्खी मेहुणी आणि बकरीसारखी तोलतो मेला!” पुढे नऊ दिवस विमान आलं नाही. ते नऊ दिवस तू आईच्या खाटेवर माझ्याजवळ झोपलीस, आईचे कपडे आपण वाटून घेतले, कढईवरून भांडलो. त्याच्याशी तू बोलली नाहीस म्हणून तो शेजारी जेवला. नंतर गावाने त्याला किती चिडवलं! तो एवढंच म्हणायचा, “काटा कुणाचा नातेवाईक नसतो.”

भावोजींना नमस्कार, मुलांना पापे.

तुझी धाकटी,
फेलिसा

ता. क. लसूण पिशवीत ठेवू नकोस, वाऱ्याला टांग.

ता. क. दुसरा. तुला उतरवलं त्या दिवशी रांगेत बिबियानाबाई खरं तर एक्याऐंशी किलोच्या होत्या. एल्पिदिओने एकोणसत्तर पुकारलं आणि त्या अजून तोच आकडा सांगतात. (तुम्हा दोघींच्या वजनातला आठ किलोंचा फरक भरायला त्यांच्या खोक्यातला सुका मासा त्याने काढून ठेवला. नऊ दिवस तू जो वाखाणून खाल्लास तो हाच.) तुला उतरवायला त्याला मी सांगितलं होतं, सकाळी कॉफी देताना. आईच्या घरात एकटीने शिरायचा मला धीर होत नव्हता. तो म्हणाला, “ताई मला जन्मभर माफ करणार नाही.” मी म्हटलं, चालेल. दर नाताळाला तो म्हणायचा, आता तरी तिला सांगू या. मीच सांगू दिलं नाही. आता तो नाही म्हणून सांगते आहे, हे काही बरं नव्हे, कळतं मला.

ता. क. तिसरा. तेव्हा शपथ तू चुकीच्या माणसावर रागावून घेतलीस. नऊ मेच्या आधीच्या सोमवारी विमानात तुझं नाव रोवेनाकडे लिहून ठेवलं आहे. ये आणि समोर उभी राहून मला काय बोलायचं ते बोल. परतीच्या तिकिटाचं मी अजून विचारलेलं नाही.