काटा सातशेच्या खाली

३ मार्च
वही, माफ कर. तुला नवीन वर्षाला आणलं आणि रोज लिहायचं ठरवलं. पहिलं अक्षर आज पडतंय. आधी चष्मा सापडेना, मग पेन सापडेना. दोन्ही सापडले तेव्हा लिहिण्यासारखं काही घडेना.

आज घडलं. मुलगी पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला गेली. गॅरेजची किल्ली माझ्या खिशात! गॅरेज माझंच, पण गेल्या वर्षी एका गाडीच्या चाकाचे दोन नट आवळले आणि दोन राहिले. तेव्हापासून ती मला खुर्चीत बसवते. जाताना म्हणाली, बाबा, रोपवाटिकावाल्याचा पिकअप तेवढा तुम्ही एकट्याने करा. नीट झाला तर खुर्ची काढून टाकू. नाही झाला तर मग घरी आराम करा.

आराम हा शब्द ती डॉक्टरसारखा म्हणाली.

४ मार्च
काम असं. पिकअप डिझेलवर. त्याला टर्बो आहे, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारी चक्री, ती इंजिनात जास्त हवा कोंबते. माती आणि कुंड्या भरून टेकडी चढायला रोपवाल्याला जोर हवाय. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवायचं, एवढंच. मुलीने धुराची उष्णता मोजायचं गेज लावून दिलंय. त्याची सळई टर्बोच्या आधीच्या नळ्यात आहे. काटा सातशेच्या वर गेला तर पिस्टन वितळतो म्हणे. तसं झालं तर लगेच डिझेल कमी करा, हे तिने दोनदा बजावलं.

पोरगी हुशार, पण घाईत उलटं बोलून गेली. गाडी तापली की पेट्रोल थोडं वाढवायचं, ती निवते. चाळीस वर्षं मी हेच केलं. त्या सगळ्या पेट्रोलच्या होत्या, पण इंजिन ते इंजिन. फोनवर चूक दाखवून तिला लाजवायचं नाही. मी बाप आहे.

६ मार्च, सकाळी ११
स्क्रू पाव फेरा. रिकामी गाडी चढावर नेली. काटा ७१०. थोडं तापतंय, म्हणून अजून पाव फेरा दिला.

दुपारी ४
काटा ७६०. बहुतेक अजून कमीच पडतंय. उद्या अर्धा फेरा.

७ मार्च
७९०. गेज चिनी असणार. काळा धूर येतोय. इंजिनाची जुनी घाण निघतेय, चांगलं लक्षण. हिने दोरीवरच्या चादरी आत आणल्या आणि विचारलं, अहो, गाडी दुरुस्त करताय की डास मारताय? कामात असताना मी बोलत नाही.

दोनदा उठून बोनेट उघडून बघून आलो. चहा कमी करायचा.

८ मार्च
झोप नाही. मुलीचा फोन आला. काटा किती, हे तिने नमस्काराआधी विचारलं. मी म्हणालो, आटोक्यात येतोय. ती म्हणाली, येतोय म्हणजे? मी म्हणालो, तू जेवलीस का? ती म्हणाली, बाबा, विषय बदलू नका. मग रेंज गेली. म्हणजे मी फोन ठेवला, पण रेंजही जाणारच होती.

१० मार्च
सापडलं! दोष सळईच्या जागेत होता. टर्बोच्या आधी, जिथे धूर सगळ्यात तापलेला, तिथे मोजलं तर जास्तच दिसणार ना? चुलीत हात घालून कोणी खोलीचं तापमान सांगतं का? सळई काढून टर्बोच्या नंतरच्या पाइपात बसवली. जुन्या भोकाला बोल्ट.

काटा ६१०. एका दुपारात एकशे ऐंशी अंश उतरवले. मुलीला कळवलं, सहाशे दहा. तिने अंगठा पाठवला. एक अंगठा, पण वर्षभरातला पहिला.

११ मार्च
काटा इतका खाली, मग जोराची कंजुषी कशाला? अजून अर्धा फेरा. ६५०. रोपवाला चक्कर मारून आला. म्हणाला, काका, पळते झकास, पण आरशात मागचं काही दिसत नाही. मी म्हणालो, पुढे बघून चालव.

हिला सांगितलं, ती खुर्ची भंगारात देऊ. ती म्हणाली, थोडं थांबा.

१३ मार्च
आज भरल्या गाडीची चाचणी. तीस पोती माती, वर कुंड्या. रोपवाला स्टिअरिंगवर, मी शेजारी, डोळे काट्यावर. अर्ध्या टेकडीवर ६९०. मी म्हणालो, बघ, सातशेच्या खाली! दाब!

त्याने दाबलं. आधी टक्, मग पत्र्याच्या डब्यात खडे हलवावे तसा आवाज. मग मागे पांढरा ढग आणि पुढे काहीच नाही. गाडी मागे सरकू लागली. हँडब्रेक मी ओढला, तेवढं लिहून ठेवतो. काटा शेवटपर्यंत सातशेच्या खाली होता, हेही.

ट्रॅक्टरने ओढून आणलं. कुंडी मात्र एकही फुटली नाही.

१४ मार्च
इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनला मधोमध भोक. करंगळी आरपार जाते. मेणासारखा वितळलाय.

मुलीला फोटो पाठवला. लगेच फोन. एकच प्रश्न, सळई कुठे आहे, बाबा? मी म्हणालो, पाइपात. टर्बोच्या आधी की नंतर? मी म्हणालो, नंतर. तिने हळू आवाजात सांगितलं, नंतर मोजलं तर दीडशे-दोनशे कमीच दिसतं, बाबा. आणि डिझेलचं पेट्रोलच्या उलट असतं, जितकं जास्त घालाल तितकं तापतं. म्हणून तर दोनदा सांगितलं होतं. मग म्हणाली, नंतर बोलते.

चार तारखेचं पान काढून वाचलं. दोनदा बजावलं, असं माझ्याच अक्षरात आहे.

१६ मार्च
दोन दिवस झाले, फोन नाही. चूक माझी, असा मेसेज टाकला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. नवीन पिस्टन मी बसवू की तू येईपर्यंत हात लावू नको, हेही विचारलंय. हिने खुर्ची पुसून दारात ठेवली. बसून बघितलं. बरी आहे.

पोरी, शिव्या दे, पण काय ते लवकर कळव.