रविवारची सुई

प्रिय ठकू,

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा हवापाण्याची चौकशी करून फोन ठेवला. म्हणून लिहायला बसलो. आई जाऊन दोन महिने झाले. तिचा पलंग परवा काढला. औषधाच्या बाटल्या मात्र अजून खिडकीत तशाच आहेत. चाळीस वर्षं कंपाउंडरकी केलेल्या माणसाला बाटल्या टाकवत नाहीत, तू हसशील.

तिला नेमकं काय झालं होतं, असं तू विचारलंस तेव्हा मी 'लिव्हर' म्हणून विषय बदलला होता. आता नीट सांगतो. तुझ्या जन्माच्या वेळी तिला फार रक्तस्राव झाला. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. त्या रक्तातूनच हिपॅटायटिस सीचा विषाणू आला असावा, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा तो शोधायची चाचणीच नव्हती. हा विषाणू मोठा बेरकी. लिव्हरच्या पेशीत शिरतो आणि तिच्याच सामानसुमानातून स्वतःच्या प्रती काढत बसतो, रोज अब्जावधी. दुखत नाही, खुपत नाही. शरीर त्याच्याशी झगडतं, त्यात पेशी मरतात, तिथे वण धरतात आणि मऊ लिव्हर हळूहळू निबर होत जातं. ती दुपारी आडवी व्हायची तेव्हा मी तिला आळशी म्हणून चिडवायचो. तीस वर्षांनी पोटात पाणी भरलं, तेव्हा कुठे कळलं. गोळ्यांनी विषाणू गेला, पण लिव्हर हातचं गेलं होतं.

तू आठ वर्षांची असताना मोठ्या तापातून उठलीस, ते आठवतं? सुईचं नाव काढलं की घर डोक्यावर घ्यायचीस. दर रविवारी मी दवाखान्यातली काचेची सिरिंज घरी आणायचो, ताकदीचं इंजेक्शन द्यायला. आईही अशक्तच होती. ती आधी हसत दंड पुढे करायची, बघ, मुंगीसुद्धा याहून जोरात चावते म्हणायची. मग तू डोळे घट्ट मिटून दंड द्यायचीस. दवाखान्यात मी प्रत्येक पेशंटसाठी सुई वीस मिनिटं उकळायचो, त्यात कधी कुचराई केली नाही. घरी मात्र तुम्हा दोघींना एकच सुई, मध्ये नुसता स्पिरिटचा बोळा फिरवायचो. आपलीच माणसं, त्यांना एकमेकींचं काय लागणार, असं वाटायचं. असे सहा रविवार.

जाण्याआधी आईनं मला बजावलं होतं, की पोरीचं रक्त तपासून घ्यायला सांगा, पण माझ्या पोटातूनच आलं असेल म्हणा, सुईचं अक्षर काढू नका. तसं सांगून मी मोकळा झालो असतो. पण ते खोटं आहे, तिला रक्त चढवलं ते तू जन्मल्यानंतर, आणि तिच्या माथी ते मारायचं माझ्यानं होत नाही. ठकू, उद्याच तपासणी कर. कदाचित काही नसेलही. असलं तरी वेळेत कळलं तर तीन महिन्यांच्या गोळ्यांनी माणूस बरा होतो. कशामुळे झालं असं डॉक्टरांनी विचारलं, तर सरळ माझं नाव सांग. मग माझ्याशी बोलली नाहीस तरी मी समजून घेईन. रिपोर्ट काय आला, तेवढं मात्र कळव.

तुझाच,
बाबा