आईच्या खोलीची कडी

दादास,

नमस्कार. मी बरी आहे, गोळ्या वेळेवर घेते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

आईला गेलेल्या बाबांचा आवाज ऐकू येतो म्हणून तू तिला मागच्या खोलीत कोंडतोस, हे वहिनीने सांगितलं. लोक काय म्हणतील, म्हणे! माझ्या वेळीही तुला आधी लोकच आठवले होते.

माझ्या कानातला आवाज अजून मला ‘बिनकामाची’ म्हणतो. परवा लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालताना मी त्याला मोठ्याने म्हणाले, “गप बस!” सुपरवायझर बाईंनी विचारलं, “कोणाशी बोलतेस?” मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग त्याला म्हणावं, सहा वाजता ये, आत्ता काम आहे.” समुपदेशक बाईंनीही हेच शिकवलंय. सहाला मी अर्धा तास त्याचं ऐकते, उलट उत्तरं देते आणि उठून चहा टाकते.

बाबा काय म्हणतात, हे आईला एकदा तरी विचारलंस? मी वहिनीच्या फोनवर तिच्याशी बोलून विचारलं. ते म्हणतात, “जेवलीस का?”

एवढ्यासाठी कडी लावतोस?

रविवारी येतेय. आईला डॉक्टरांकडे मी नेईन. वहिनीचा खोकला थांबला का? दार उघडं दिसलं पाहिजे, नाहीतर माझ्याशी गाठ आहे.

तुझ्यावर भयंकर चिडलेली,
धाकटी