त्रेसष्टपर्यंत मोजलं

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय यमू,

तुला जाऊन तीन वर्षं झाली, पण कधी लिहिलं नाही. लिहून पाठवू कुठे? आज दुपारी मात्र फोटोची एक काच रसायनात धुतली, तिच्यावर चित्र उमटलं आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगावं कळेना. आपली मनू सुखरूप आहे. आधी हे वाच, मग पुढचं.

"पोरीला डोळ्याआड करू नका," एवढंच म्हणून तू गेलीस. मग मी काय करू, सांग! दरबारच्या जंगल खात्याला दऱ्याखोऱ्यांचे फोटो हवे असतात, माझे अर्धे दिवस रानात जातात. नेतो तिलाही. तुझी बहीण चिडते, "पाच वर्षांची पोर, आणि घाटीगावच्या रानात? शुद्धीवर आहात ना, भावोजी?" मी हसण्यावारी नेत असे.

कडा किती उंच आहे ते फोटोत कळावं म्हणून मनूला त्याच्या पायथ्याशी उभी करतो. भिंगावरचं झाकण काढायचं, मोठ्यानं दहा मोजायचे, झाकण लावायचं आणि म्हणायचं, "झालं!" तोवर ती पापणीही हलवत नाही. केवढं कौतुक वाटायचं मला याचं! मूर्ख मी.

परवा ती ओढ्यापलीकडे उभी होती, तीस पावलांवर. झाकण काढलं. एक, दोन, तीन. चारला तिच्या डोक्यावरच्या कपारीत काहीतरी हललं. बिबट्या, यमू! खाली तिच्याकडेच बघत होता. मी काळ्या कापडाखाली डोकं घालून भिंग जुळवत होतो, तेव्हाच आला असणार. म्हणजे डोळ्याआड केलीच की मी तिला!

ओरडलो असतो तर ती पळाली असती. "झालं" म्हटलं असतं तरी पळाली असती. आणि पळणाऱ्यावर तो झेपावतोच. म्हणून मोजतच राहिलो. अकरा, बारा... आवाज चढू दिला नाही. चाळीसला तो चक्क बसला! पोर माझ्याकडे बघून गालात हसतेय, आणि मी मनात तुझा धावा करतोय. कुठे होतीस गं?

एकसष्टला तो उठला. त्रेसष्टला झुडपात शिरला. "झालं" म्हणताना मला रडू फुटलं.

मनू धावत आली ती भांडतच. "बाबा, गलत मोजलंत तुम्ही! दसच्या पुढे जायचंच नसतं. माझे पाय दुखले ना!" तिला उचललं ते बैलगाडीपर्यंत खाली ठेवलं नाही.

आज ती काच धुतली. जास्त उजेड खाऊन बरीच काळी पडली आहे. पण मनूचा केसन् केस स्पष्ट आलाय. हललीच नाही गं ती! वर कपारीत एक धुरकट डाग. "हे काय, बाबा?" तिनं विचारलं. "सावली," मी म्हणालो. खोटं बोललो तिच्याशी.

आता घरातही ती जरा गप्प उभी राहिली की मी उगाच हाक मारतो. उद्या मी नसलो, आणि ती अशीच कुणाच्या तरी "झालं"ची वाट बघत उभी राहिली तर?

तिला तुझ्या बहिणीकडे ठेवायचं धैर्य माझ्यात नाही, हवं तर रागाव. पण आज संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन तो डाग कशाचा ते खरं सांगीन. यापुढे कड्याखाली माझी छत्री उभी राहील आणि मनू माझ्याशेजारी, झाकण तिच्या हातात. मोजेन मी. "झालं" ती म्हणेल, तिला वाटेल तेव्हा, चारला म्हटलं तरी चारला. काच बिघडली तर बिघडू दे.

तुझा आणि तिचा,
दिनकर