मधला गंधार आणि बाहेरचे कुलूप

मी बिरू सिदू बरकडे, वय चौऱ्याहत्तर, मूळ गाव कळस, तालुका इंदापूर, हल्ली मुक्काम बारामती, मुलगा हणमंत याच्या घरी. धंदा पूर्वी मेंढरे, नंतर ऊस, सध्या काही नाही, कोंडलेला आहे. मी शुद्धीवर आहे, मला कोणी काही पाजलेले नाही की धमकावलेले नाही. दाराला बाहेरून कुलूप असते, पण ते या लिखाणासाठी नाही, ते रोजचेच आहे. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. अक्षर सातवी पासचे आहे, सांभाळून घ्यावे.

कलम १. कळसचे शेत, विहिरीतला हिस्सा आणि बँकेतली ठेव हणमंतला मिळावी. तो माझा एकुलता मुलगा. त्याची आई गोजरबाई वारली. हणमंत वाईट नाही. सकाळी एमआयडीसीत कामावर जाताना तो कुलूप लावतो आणि एकदा ओढून बघतो. ते ओढून बघणे माझ्या मनाला लागते. नंतर दिवसभर मी खिडकीच्या गजाला धरून उभा असतो. मेंढरे वाडग्यात घालताना मी पण असेच फाटक ओढून बघत होतो, म्हणून आवाज ओळखीचा आहे.

कलम २. माझा पावा, म्हणजे आमची बांबूची बासरी, नात प्रतिक्षा हिला मिळावा. तो सध्या सून सोनल हिने कपाटावर बॅगांच्या मागे टाकला आहे.

पाव्याविषयी थोडे लिहितो, वकील म्हणाले लागत नाही, तरी लिहितो. आम्हा धनगरांत पाव्याची भोके पट्टीने मोजत नाहीत. दोन भोकांच्या मधे आपलीच दोन बोटे ठेवायची आणि तापल्या सळईने डागायचे, सगळीकडे अंतर सारखे. त्यामुळे त्याचा ग, म्हणजे गंधार, पेटीसारखा येत नाही. पेटीवर ग दोन. काळ्या पट्टीचा कोमल, पांढरीचा शुद्ध. आमचा त्या दोघांच्या मधला. सा पासून तो जेवढा लांब तेवढाच तिथून प लांब. प पासून तेवढेच पाऊल पुढे टाकले की नि लागतो, तो पण दोन्ही नींच्या मधला. बिरोबाच्या ओव्या याच सुरांवर म्हणतात, गोजरबाई जात्यापाशीही याच सुरात गुणगुणायची. प्रतिक्षाने मोबाइलवर शोधले तर अरबांकडे आणि तुर्कांकडेही असा ग आहे, त्यांनी त्याला नाव आणि खूणही दिली आहे. आपल्याकडे त्याला बेसूर म्हणतात.

प्रतिक्षाने भोकांत मेण भरून पावा पेटीला जुळवू नये. नवा करायचा झाला तर स्वतःची बोटे ठेवावीत. तिची बोटे बारीक आहेत, पावा चढा वाजेल, पण मधला ग मधलाच राहील.

कलम ३. प्रतिक्षाचा कीबोर्ड मी मोडला. नवीन घेऊन द्यायचा तर ठेवीतून द्यावा, मग बाकी हणमंतची. झाले असे की तो घरात आला तेव्हा मी त्यावर मधला ग शोधत बसलो. काळी दाबून बघायचो, पांढरी दाबून बघायचो. सोनल म्हणाली, "आबा, दोन पट्ट्यांच्या मधी काय न्हाय, तितं नुसती फट हाय." इंदापुरात पेटी दुरुस्त करणारा सूर घासून उतरवतो हे मी पाहिले होते. म्हणून घरी कोणी नसताना मागचे स्क्रू काढले. आत घासायला काहीच नव्हते, हिरवी पाटी आणि वायरी. परत लावता आले नाही.

त्याच आठवड्यात मी कळसला, माझ्याबरोबर मेंढरे राखलेल्या म्हस्कूकडे निघालो, त्याच्या पाव्याशी माझा ताडून बघायला. चुकीच्या एसटीत बसलो आणि भिगवणला उतरलो. चूक कोणाचीही होते. पण हणमंतने दोन्ही गोष्टी जोडल्या आणि पाहुण्यांना सांगितले, "आबांचं डोकं चालंना आता. नसलेला सूर हुडकत्यात." तेव्हापासून कुलूप.

मी विसरतो हे खरे. गॅस बंद केला का ते विसरतो, पाहुण्यांची नावे विसरतो. तो सूर विसरलो नाही. म्हस्कूचे दात गेल्यापासून त्याच्या फुंकीत दम नाही, म्हणजे आता वाजवणारा मी उरलो आणि मी आत आहे. पुढच्या महिन्यात कळसला बिरोबाची जत्रा आहे. मी या खोलीत मरेन आणि माझ्याबरोबर तो ग जाईल, याची मला भीती वाटते.

कलम ४. माझ्या दहाव्याला भजनाची पेटी आणू नये. ढोल आणि झांज चालेल. पेटीवाले मला आयुष्यभर "जरा चढवून घ्या" म्हणत आले.

कलम ५. म्हस्कू साक्षीदार असल्यामुळे त्याला यातून काही देता येत नाही असे वकील म्हणाले. माझी घोंगडी मी त्याला जिवंतपणी, स्वतः नेऊन देणार आहे.

कलम ६. दाराचे कुलूप हणमंतने विकत घेतलेले आहे. ते माझे नसल्याने कोणाला देता येत नाही.

शेवटचे. मी हणमंतला म्हणालो, जमीन तुझ्या नावे लिहून देतो. तो म्हणाला, "आबा, त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. डोकं ठिकाणावर हाय म्हणून." मी म्हणालो, "मग आण की." आज तो स्वतः गाडी घेऊन गेला, डॉक्टर आणले, वकील आणले, म्हस्कूला आणले. डॉक्टरांनी वार विचारला, तो माझा चुकला. कोंडलेल्याला सगळे वार सारखेच. मग वजाबाकी विचारली. जन्मभर मेंढरे मोजलेल्या माणसाला वजाबाकी. शेवटी विचारले, काही त्रास आहे का. मधल्या गंधाराविषयी मी अक्षर काढले नाही. शहाणा ठरायला तो लपवावा लागला, याचे मला फार वाईट वाटते.

सही करायच्या आधी वकील माझ्या कानाशी म्हणाले, "आबा, एकुलता पोरगा हाय, समदं त्यालाच मिळणार. हे कशाला लिहिताय?" मी म्हणालो, मला माहीत आहे.

मृत्युपत्र माझ्या मरणानंतर अंमलात यावे. दाखला आजच्या तारखेचा आहे. बिरू सिदू बरकडे यास स्वतःचे बरेवाईट कळते, असे त्यावर सहीशिक्क्यानिशी लिहिले आहे. त्याची एक प्रत शेजारच्या प्रयागबाईंनी पदराखाली घेतली आहे. त्या रोज खिडकीतून माझ्याशी बोलतात. उद्या सोमवारी सकाळी हणमंत कुलूप हातात घेईल, तेव्हा त्या ती प्रत घेऊन दारात उभ्या राहणार आहेत.

साक्षीदार :
१. म्हस्कू धुळा टकले, रा. कळस (डाव्या हाताचा अंगठा)
२. प्रयागबाई नामदेव शिंदे, रा. बारामती (सही)

माझ्यासमोर सही केली, लिहिणार मानसिकदृष्ट्या सक्षम आहे. (डॉक्टरांची सही व शिक्का)

लिहून देणार : बिरू सिदू बरकडे
ठिकाण : बारामती, आतली खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५, रविवार (वार म्हस्कूला विचारून लिहिला)