पुढच्या टायरची आतली कड

नांदेड,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. जावईबापू सर्वेशराव यांस,
वैजनाथचा रामराम, आणि घेणार असाल तर आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत. म्हणजे जेवतो, झोपतो, दुकान उघडतो. तुमच्या सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलतात. श्रद्धाला आठवा लागला हे त्यांनी परवा भिंतीकडं बघून सांगितलं, म्हणून मला कळलं. थंडी पडायला लागली आहे. तिला पायात मोजे घालायला सांगा, लहानपणापासून तिचे पाय गार पडतात.

फोन तुम्ही उचलत नाही. बरोबर आहे, मी पण उचलला नसता. म्हणून शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच पानभर लिहायला बसलो. अक्षर समजून घ्या, हाताला पान्याची सवय.

आधी टायरचं बोलतो, ते सोपं आहे.

मार्चमध्ये तुमची गाडी दुकानात आली तेव्हा मी चहा पीत होतो. दिसायच्या आधी मला ऐकू आली. घूंऽऽ असा आवाज, वेग उतरला की आवाज पण उतरतो. मी बशी खाली ठेवली आणि म्हणालो, पुढचे दोन्ही गेले. टायरवर हात फिरवला. आतून बाहेर नेला तर गुळगुळीत, बाहेरून आत आणला तर करवतीसारखा. आतली कड तार दिसेपर्यंत खाल्लेली, बाहेरची कोरी. शौकापायी आखूड, कडक स्प्रिंगा घालून गाडी दोन इंच खाली बसवली की चाकं वरून आत झुकतात आणि आतली कड थोडी जास्त झिजते, ते मान्य. पण सहा-सात हजार किलोमीटरमध्ये तार? त्याला पुढून फाकलेली चाकं तरी लागतात, नाहीतर हाकणारा तरी तसा लागतो.

मी नवे टायर घातले, अलाइनमेंटच्या मशीनवर चाकं सरळ केली. जूनअखेर तुम्ही परत आलात, परत तेच. सप्टेंबरमध्ये परत तेच.

आता बघा सर्वेशराव, बाभळीखाली पंक्चर काढून सुरुवात केलेला माणूस मी. तीस वर्षांत माझ्या हातावर मला संशय आला नाही. मशीन नवीन, त्याच्यावर पण नाही. मग उरलात तुम्ही.

तसं तुम्ही बँकेतले, शर्ट खोचून फिरणारे. पण गाडी खाली बसवणारा माणूस सरळ असेल, हे माझ्या मनाला पटत नव्हतं. सोयरीक जमली तेव्हाच पटलं नव्हतं. श्रद्धा म्हणाली, "बाबा, त्यांना तेवढा एकच शौक हाय." मी मनात म्हणालो, एकच दिसतोय.

मग मी काय केलं ते सांगतो, लाज वाटते तरी. सप्टेंबरमध्ये तुम्ही वर घरात जेवत होता तेव्हा मी तुमच्या गाडीचे किलोमीटर हातावर लिहून घेतले. नव्या टायरच्या आतल्या बाजूला खडूनं खूण केली. शिरूर अनंतपाळला तुमच्या बँकेच्या वळणावर रामकिशनचं पंक्चरचं दुकान आहे, तो माझा जुना दोस्त. त्याला सांगितलं, जावई कसे हाकतात तेवढं बघून ठेव. आठ दिवसांनी त्याचा फोन आला.

"वैजनाथ, लई हळू हाकतात रे. म्हशी पुढं निघून जातात."

"रस्ता मोकळा असल्यावर?"

"तवाबी तसंच. खड्डा दिसला की उतरून बघतात काय की!"

मला वाटलं, ह्यांनी रामकिशनला चहा पाजून फोडला.

दसऱ्याचं मी टाळत होतो, पण आता लिहावंच लागेल. तुम्ही लातूरहून श्रद्धाला बाळंतपणासाठी माहेरी सोडायला आला होता. सोनं दिलंत, पाया पडलात. मी तुमच्या गाडीखाली वाकलो. महिन्याभरातच आतली कड पुन्हा खरवडायला लागली होती. दुकानात गिऱ्हाइकं होती, शेजारचे होते. तुम्ही म्हणालात, "मामा, मी साठच्या पुढं जातच नाही." मी म्हणालो, "टायर खोटं बोलत नसतो, जावईबापू. माणूस बोलतो." आणि पुढं जे बोललो ते तुम्हाला पाठ असेल. माझी लेक तुमच्या हातात देऊन फसलो, असं बोललो.

तुम्ही गाडी चालू केलीत. श्रद्धानं बॅग उतरवलीच नाही. "बाबा, बाळंतपण लातूरलाच होईल," एवढं म्हणाली आणि तुमच्या शेजारी जाऊन बसली.

आता गेल्या शनिवारचं ऐका. मुदखेडचं एक गिऱ्हाईक आलं, तुमच्यासारखीच खाली बसवलेली गाडी. मी वर उचलली, खालून बघितली, उतरवली, मशीन लावलं. मग नेहमीप्रमाणे गाडी पुढं-मागं ढकलली आणि बोनेटवर दोन्ही हात टाकून चार वेळा दाबली. जॅकवरून उतरलेली गाडी अवघडून उंच उभी राहते, कडक स्प्रिंगची तर जास्तच. दाबल्याशिवाय ती आपल्या जागेवर बसत नाही. दाबली तशी मशीनच्या पडद्यावरची चाकं पुढून फाकली. मशीनवर बसणारी पंचशीला पडद्याकडं बघत म्हणाली,

"मालक, एक बोलू का? रागावताल."

"बोल."

"जावयाच्या गाडीला हे केलंच न्हाई आपण. तीनबी डाव."

"मग तवाच बोलायला काय झालं होतं?"

"मी बोनेटला हात लावाया गेलते पहिल्या डावाला. तुमीच वरडलात. जावयाची गाडी हाय, तिच्यावर वजन टाकायचं न्हाई म्हनून."

खरं आहे. मीच ओरडलो होतो. गिऱ्हाइकाच्या गाडीवर मी बसतो सुद्धा. तुमची गाडी म्हणजे मानाची, तिच्यावर भार कसा टाकायचा? म्हणून उंच उभ्या गाडीची चाकं मी सरळ करत राहिलो, आणि तुम्ही आत बसून गल्ली ओलांडेपर्यंत ती पुन्हा फाकत होती. तिन्ही वेळा टायर मी खाल्ले. शिव्या तुम्ही खाल्ल्या.

अजून एक राहिलं, ते ह्याच्याहून वाईट आहे. हे कळून आज आठ दिवस झाले. मी गप्प होतो. म्हटलं, तुम्हाला कळलंय का ते बघावं. कळलं नसेल तर पुढच्या वेळी गुपचूप दाबून देऊ, कुणाला काय समजतंय. ह्या आठ दिवसांत तुम्ही त्याच टायरवर शिरूरला जाऊन-येऊन केलंत, श्रद्धाला दवाखान्यात नेलं असेल. काल रात्रभर मला ती तारच दिसत होती. आज सकाळी सासूबाईंकडून श्रद्धाला फोनवर निरोप दिला की गाडी काढू नका. कारण सांगितलं नव्हतं. कारण हे.

लातूरला कुणाकडूनही टायर बदलून घ्या आणि चाकं सरळ करून घ्या. माझ्याकडं आणायची गरज नाही. फक्त त्याला सांगा, आधी गाडी ढकल, दाब, मग माप घे.

मी बुधवारी पहिल्या एसटीनं येतोय. चारचौघांत बोललो होतो, म्हणून तुमच्या आई-वडिलांसमोर, शेजारी असतील तर त्यांच्याही समोर, माफी मागणार आहे. श्रद्धाला चल म्हणणार नाही. यायचं की नाही ते तिनं आणि तुम्ही ठरवायचं. ती तिथंच राहिली तर तिची आई बाळंतपणाला लातूरला येईल, आणि मी बोलावल्याशिवाय येणार नाही.

हे पत्र तुम्ही तिला वाचून दाखवाल असा मला संशय आहे. दाखवा.

तुमच्यावर उगाच संशय घेतलेला,
तुमचा सासरा,
वैजनाथ