पत्र्यातले पोचे

सोमवार, ६ जानेवारी

आले बाई एकदाची पोलादपूरला. सोबत तांदूळ, सुके बोंबील, कुळीथ आणि पिशवीतून मान बाहेर काढलेली माझी कोंबडी. एस.टी.चा कंडक्टर कोंबडीकडे असा बघत होता जसं काय तीच बिनतिकिटाची बसलीय. स्टँडवर नातू अश्वजित उभाच. जय भीम जानकीबाई, म्हणाला. आजीला नावानं हाक मारतो मेला, बोलायला लागला तेव्हापासून. ह्याची आई लवकर गेली, बाप मुंबईत, तेव्हा मीच वाढवला. म्हणून मीपण चालवून घेते.

त्याचं दुकान हायवेला लागून. ठोकलेल्या गाड्यांचे पोचे काढतो, रंग देतो. पुढं पत्र्याची मोठी शेड, मागं दोन खोल्या. नळाला पाणी येतं, आणि ते गरम करायला बटण हाय. गावाकडं वरंधला माझं अर्धं आयुष्य हंड्यात गेलं हो. आता कायमची इथंच राहा म्हणतात, नातू-नातसून दोघंही. मी हो म्हणायला जरा वेळ लावला, नाहीतर पोरांना वाटायचं म्हातारी वाटच बघत होती.

नातसून उज्वला महाडला कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. तिनंच ही डायरी दिली. लिहा आजी, म्हणाली, रोजचं काय ते लिहा, म्हणजे संध्याकाळी मी दमून आल्यावर सगळं मलाच ऐकावं लागणार नाय. अशी फटकळ हाय. मला आवडली. माझी शाळा चौथीपर्यंत, तीपण गुरं सांभाळून. चुकलं तर चुकलं.

बुधवार, ८ जानेवारी

आज ट्रकवरून गाडी उतरवली. मला वाटलं मोठी मोटार असेल. ही तर सुरमईसारखी निमुळती, आणि एकाच माणसाला बसायची जागा. शर्यतीची गाडी हाय, माझ्या लग्नाआधीची. बसणाऱ्याच्या डोक्यामागं पत्र्याचा फुगवटा, उशीसारखा. सगळी डावी बाजू चेपलेली, पातेलं दगडावर आपटावं तशी, आणि तो फुगवटापण आत गेलेला.

मालक मुंबईचा. कुणाच्या तरी गोदामात वर्षानुवर्षं पडलेली, त्यानं उचलली. सव्वीस जानेवारीला जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, तिच्यात ती हवी. पोच्यात पुट्टी भरायची नाय, मूळ पत्रा ठोकूनच सरळ करायचा, अशी त्याची अट. असं काम करणारे आता थोडे उरलेत. अश्वजित तर गाडीभोवती नवऱ्यामुलासारखा फिरत होता. म्हणे, जानकीबाई, हे जमलं तर टेम्पो आणि स्कुटरी ठोकायच्या बंद, सगळीकडून अशा गाड्या येतील. मी म्हटलं, जमेल रे, तू कधी हात लावून वाईट केलंस का काय?

मग जेवायला बोलवलं तर आला नाय. उज्वला म्हणाली, बघा आजी, आली सवत.

शनिवार, ११ जानेवारी

काय मजा झाली सांगू! हा पत्रा अल्युमिनियमचा. ठोकायच्या आधी तापवून मऊ करावा लागतो, पण जास्त तापला तर भोक पडतं. म्हणून त्याच्यावर साबण चोळायचा आणि ज्योत धरायची. साबण काळा पडला की थांबायचं. माझी कपड्याची वडी घेऊन गेला तेव्हा मी ओरडले, पण बघायला बसले आणि बसूनच राहिले. आतून लोखंडी ठोकळा धरतो, वरून हातोडी. टुक टुक टुक. मोठे पोचे डोळ्याला दिसतात. बारके डोळ्याला दिसत नाहीत, ते डोळे मिटून तळहातानं शोधायचे.

मी सहज हात फिरवला. म्हटलं, इथं खोल हाय. तो म्हणाला, नाय. मी म्हटलं, हाय. त्यानं पट्टी लावून बघितलं, तर होतंच! आयुष्यभर जमीन सारवली, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. केसाएवढा उंचसखलपणा माझ्या हाताला कळतो. आता मी पोचा शोधायचा, खडूनं गोल करायचा, आणि त्यानं ठोकायचा. जानकीबाईला पगार सुरू करा, म्हणतो. ह्या वयात नातवाच्या कामाला आले! आज दोन घास जास्तच गेले.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. शेजारी चहाची टपरी हाय, कोंडाजीची. माझ्याच वयाचा असेल. त्याच्या घरून तिळगूळ आला. गोड बोला म्हणायला शेडच्या दारापर्यंत आला, गाडी बघितली आणि उंबऱ्यातूनच मागं फिरला. मी म्हटलं आत या की, चावत नाय ती. तर हसलापण नाय.

पुढची बाजू, म्हणजे बसणाऱ्याचा डावा हात जिथं येतो तिथला पत्रा झाला. आरशासारखा. मालकाला फोटो पाठवला.

अश्वजितच्या डाव्या हाताला कोपराखाली खड्डा पडलाय. कणकेत अंगठा दाबावा तसा. मी विचारलं तर म्हणाला, भाजलं असेल. भाजल्याचा डाग वेगळा असतो. दुखतं का विचारलं, तर मुळीच दुखत नाय.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज लिहायला हात होत नाय, तरी लिहिते.

काल गाडीची मधली बाजू झाली. मीच पोचे शोधून दिले सगळे, खूप होते. आज सकाळी न्हाऊन आला तर उज्वला किंचाळली. त्याच्या डाव्या बरगड्या आत गेल्यात. आत! श्वास घेतो तेव्हा उजवी बाजू वर येते, डावी येत नाय. आणि हा हसतोय. दुखत नाय गो, म्हणतो तिला.

तिनं रजा टाकली, ओढत महाडला दवाखान्यात नेला. फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, अपघात कधी झाला होता? हाड मोडून जुळलेलं दिसतंय, हाताचं पण आणि बरगड्यांचं पण, खूप जुनं. उज्वला म्हणाली, परवापर्यंत सरळ होता हो माझा नवरा.

मी वाढवलाय त्याला. झाडावरून पडला, नदीत बुडता बुडता वाचला, सगळं मला माहीत. हाड कधी मोडलं नाय त्याचं.

रविवार, १९ जानेवारी

कोंडाजीकडे गेले. गाडीचं विचारलं. त्यानं टपरीचं फळकूट अर्धं ओढलं आणि सांगितलं.

तरणा असताना तो आंबेनळी घाटात रस्त्याच्या गँगवर होता. तिथं मोठ्या लोकांनी शर्यत लावली होती. हीच गाडी वळणावर दरडीला घासत गेली आणि उलटी फिरून आदळली. आत पोरगाच होता, पंचविशीचा. गँगवाल्यांनी पहारी लावून पत्रा फाकवला. डावा हात कोपराखाली मोडलेला, बरगड्या आत गेलेल्या, तरी बोलत होता. दुखत नाय, दुखत नाय, असंच म्हणत होता. मग डोकं मागं टेकवलं. मागं तो फुगवटा चेपलेला होता. तिथंच गेला.

कोंडाजी म्हणाला, बाई, पुढून मागं काम चाललंय ना तुमच्या नातवाचं? आता काय राहिलंय?

फुगवटाच राहिलाय.

सोमवार, २० जानेवारी

भांडले. बाबा रे, गाडी परत कर. उज्वलानं हात जोडले. हा म्हणतो, सव्वीस तोंडावर आलीय, शब्द दिलाय, एवढंसं राहिलंय. मी कोंडाजीचं सांगितलं, तर माझ्याकडे असं बघितलं! जानकीबाई, तू? म्हणाला. तू मला काय शिकवलंस? भूतबीत नसतं, नवस नाय, अंगारा नाय, डोकं वापरायचं. विहारात घेऊन बसायचीस ना मला? डॉक्टर म्हणतात जुनं हाय, तर असेल लहानपणीचं, तुला आठवत नसेल.

शिकवलंच होतं मी. आजपण तेच खरं मानते. पण त्याच्या छातीत माझी मूठ बसते.

मंगळवार, २१ जानेवारी

दुपारी तो जेवत असताना शेडमध्ये गेले. सरळ केलेल्या पत्र्यावर तळहात ठेवला. ऊन लागला, अंगासारखा. आणि खालून काहीतरी हलकं हलकं उडत होतं. मांजराच्या पोटावर हात ठेवला की लागतं तसं.

परत येऊन अश्वजितच्या पाठीवर हात फिरवला, लहानपणी फिरवायचे तसा. गार. पत्रा असतो तसा गार. त्यानं मागं वळून विचारलं, काय गो?

काय नाय, म्हटलं, जेव.

मग एक मनात आलं. आतापर्यंत शोधलं मी, पण हातोडी त्याच्याच हातात होती. ज्याचा हात, त्याला लागतं का? शेपटीकडे एक बारका पोचा राहिलेला, त्याला न सांगितलेला. मीच साबण चोळला, ज्योत धरली, ठोकला. बघू.

बुधवार, २२ जानेवारी

माझी डावी टाच. अर्धी नाय. आत गेलीय. चालताना कळलं.

दुखत नाय.

अश्वजितला नवीन काय झालं नाय. मी अंघोळीच्या वेळी सगळा बघितला, ओरडला माझ्यावर. म्हणजे तसंच हाय. ज्याच्या हातात हातोडी त्यालाच —

गुरुवार, २३ जानेवारी

सकाळी त्यानं सरळ केलेल्या पत्र्यावर वरवंटा घातला. म्हटलं, ठोकून सरळ होते तर मोडून टाकू, मिटली कटकट. घातला तिथं खळगा पडला. मी बघत असताना तो हळूहळू भरून आला. पाण्यात बोट घालून काढल्यावर पाणी भरतं तसा. आवाजसुद्धा नाय. आणि खोलीतून उज्वला हाका मारायला लागली. अश्वजितच्या खांद्याला नवा खड्डा. वरवंट्याएवढा.

मोडतापण येत नाय तिला. मोडलं तरी ज्यानं सरळ केलं त्यालाच —

तो रडला नाय, घाबरला नाय. नुसता म्हणाला, उद्या फुगवटा करतो म्हणजे संपलं. उज्वलानं हातोड्या लपवल्या. त्यानं हसत हसत शोधून काढल्या. तिचा हात धरून म्हणाला, वेडी का तू, एका दिवसाचं काम.

आवाज त्याचाच हाय. पण बोलताना डोकं मागं टेकवतो आता. सारखं. भिंतीला, खुर्चीला.

बुद्धं सरणं गच्छामि. बुद्धं सरणं

शुक्रवार, २४ जानेवारी

रंग आणायला महाडला गेलाय. उज्वला मुद्दाम सोबत गेली, मी सांगितलं तिला, जमेल तितका वेळ लाव. कशासाठी ते नाय सांगितलं. सांगितलं असतं तर तिनं हातोडी स्वतः घेतली असती. तशीच हाय ती.

शेडला आतून कडी घातलीय. डायरी गाडीच्या सीटवर. साबण चोळला. ज्योत धरली. साबण काळा झाला.

मी भीत नाय असं नाय. खूप भितेय. पण माझं सगळं झालंय जगून. त्याचं नाय.

ठोकला. चांगला वर येतोय. मऊ झालाय पत्रा.

परत.

उजवा कान बंद झाला. नुसती शिट्टी. मानेखाली काय तरी सरकलं, गरम नाय, गार. दुखत नाय. खरंच दुखत नाय रे —

अर्धा झाला. अक्षर दिसत नाय नीट, एक डोळा — ओळ वर जातेय का खाली — उज्वला, वाचशील तेव्हा रागावू नको. तुला सगळं ऐकायला लागू नये म्हणून लिहितेय गो

सीट ऊन झालीय. कुणीतरी उठून गेल्यासारखी. नाय. कुणीतरी बसल्यासारखी —

मोटरसायकल. लवकर आले. कडी वाजवतोय. जानकीबाई, उघड. परत परत. उघडणार नाय. उघडलं तर उरलेलं तो ठोकेल. बोटभरच उरलंय.

उज्वला रडतेय. तो दाराला खांदा लावतोय, आवाज येतो एकाच कानात

अजून दोन घाव. तळहात फिरवून बघते, डोळे मिटून, सरळ झालं का

नाय. डावीकडे अजून जरा खो